भाऊ, तुपली गोळी कडू होती

भाऊ,

डबी आता माझ्याकडं नाही. तेवढं आधी सांगून टाकतो, कारण तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. जेवायच्या आधी, गाडीत बसल्यावर, काम सुरू व्हायच्या आधी, तुझं एकच, "अंक्या, डबी कुठंय?" आप्पांची पितळेची, दोन तोंडांची डबी. एका तोंडाला चुना, दुसऱ्या तोंडाला तंबाखू. तुझ्या वडलांनी ती मेंढरांमागं अर्धा जिल्हा फिरवली. ते गेल्यावर तू ती पुण्याला आणलीस. आणि मी ती परवा डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो. का ठेवून आलो, ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, मागचं पुढं होईल. सांभाळून घे.

खोली तशीच आहे. तुझी सतरंजी मी गुंडाळून भिंतीला लावली होती, मंग परत अंथरली. मोकळी फरशी बघवत नाही. सकाळी उठलो की आधी छातीवर हात ठेवतो. ठोका आहे का बघतो. मंग तो जास्त जोरात पडून राह्यला का म्हणून भीती वाटते, आणि त्या भीतीनं तो खरंच जोरात पडतो. तू म्हणायचास, "तुपल्या काळजाला दुसरं कामच न्हाई अंक्या, तूच त्याला घाबरवायलास." आता असं कुणी म्हणत नाही. मंग भीती आपली चालूच राहते.

आपल्याकडं गोळी कधी एकट्यानं खात नाहीत. हे मी मॅडमला सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. पण खरंच आहे ना? माझी माय गेल्यावर तुझ्या आईनं मला वाढवलं. मोठी माय कुंभार पिंपळगावच्या बाजारातून तापाची गोळी आणायची आणि दातानं तोडून अर्धी तुला, अर्धी मला. ताप तुला असायचा. मला नुसती तुझ्या कुशीला झोपल्याची कणकण. डोळे आले की थेंबाच्या एका बाटलीवर सगळी गल्ली बरी व्हायची. आप्पा तर समोर कुणी नसलं की तंबाखू मळायचेच नाहीत. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायचे. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई," म्हणायचे. ह्यातच वाढलो आपण. त्यात वाईट काय होतं, मला अजून कळत नाही.

पुण्यात साऊंडच्या गाडीवर तूच मला लावलंस. पेट्या उतरवायच्या, वायरी ओढायच्या, लोक दमले की परत सगळं गाडीत भरायचं. फार्महाऊसवरच्या त्या पार्ट्या. पुढं लोक नाचायचे आणि आपण मागं जनरेटरजवळ बसून भाकर खायचो. अंग मोडून यायचं. तिथल्या एका चांगल्या घरच्या पोरानं तुला चिमूटभर पावडर दिली. झोप उडती, थकवा जातो, म्हणाला. ती एकट्यापुरतीच होती. तू काय केलंस? मोबाइलच्या पाठीवर ओतलीस, लायसनच्या कडेनं मधोमध रेघ मारलीस आणि म्हणालास, "ही तुपली."

मी तुला कधी बोल लावला नाही, भाऊ. आजही लावत नाही. माझ्या ध्यानात राहिलंय ते एवढंच, की तुझ्या हिश्श्यापेक्षा माझा हिस्सा जरा मोठा होता.

पुढचं सगळं लिहीत नाही. तुला माहीत आहे आणि दुसऱ्या कुणाला माहीत होऊन उपयोग नाही. पण तो दिवस लिहितो. मी खोलीच्या दाराला पेटी लावून आत बसलो होतो. बाहेर पोलिस आलेत, छतावर माणसं चालायलीत, असं मला पक्कं ऐकू येत होतं. तू भर उन्हात बाहेर उभा. "अंक्या, मी हाय. मुंजा. आरं मपला आवाज वळखू येईना का?" मी म्हणत होतो, आवाज काढून बोलायलेत, हा मुंजाभाऊ नाही. शेवटी तू दाराला टेकून बसलास आणि मेंढरं गोळा करताना आप्पा जी शीळ घालायचे ती घातलीस. तेव्हा मी पेटी सरकवली. तू मला हात लावला नाहीस, शिव्या दिल्या नाहीस. नुसतं म्हणालास, "चल. दोघंबी जाऊ. दवाखान्यात कुणी वळखत न्हाई आपल्याला." त्या वाक्याचं ऋण मला जन्मभर पुरणार आहे.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं आणि सगळं सावकाश सांगितलं. दारू सोडायला गोळ्या आहेत. ह्या पावडरीवर मात्र जगात कुठंच अजून पक्की गोळी निघालेली नाही. एक गोळी आहे, दुसऱ्या आजारावर चालणारी. ती इथं लागू पडते का ते तपासायचं चाललंय. निम्म्या लोकांना ती, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती साखरेची. कुणाला कुठली, ते कळणार नाही.

"तुमाला तरी माहीत असंल की," तू म्हणालास.

"मलाही नाही. मला कळलं तर नकळत मी एकाकडे जास्त बघेन."

"मंग कुणाला माहीत हाय?"

"कॉम्प्युटरला."

"म्हंजी देवालाच म्हणा की."

मॅडम हसल्या. पण तू हसत नव्हतास. "राग नका मानू मॅडम. कळपात रोग शिरला तर आमी समद्या मेंढरायला औषद पाजतो. अर्ध्यायला औषद आन् अर्ध्यायला पाणी, असं कुनी करीत न्हाई. पाप लागंल."

"कळपाचं औषध तुम्हाला ठाऊक असतं, मुंजाभाऊ. हे अजून औषध आहे का अपाय, तेच ठाऊक नाही. सगळ्यांना पाजलं आणि सगळ्यांनाच बाधलं तर?"

तू कान खाजवलास. पटलं नाही की तू कान खाजवायचास. मॅडमनी निक्षून सांगितलं, एका खोलीत राहता, गोळ्या वेगळ्या ठेवा, अदलाबदल केलीत तर तपासणी फुकट जाईल आणि तुमच्या जिवालाही धोका. आपण दोघांनी देवळात डोलवावी तशी मान डोलावली. छातीला वायरी लावल्या तेव्हा माझा घाम थांबेना आणि तू पलीकडून म्हणालास, "ताई, वायरी उलट्या लावल्यात तुमी. असा आवाज येत नसतो." त्या सिस्टरला ती मशीन परत चालवावी लागली, मी हसून इतका हललो.

खाली चहाच्या टपरीवर मात्र तू लगेच सुरू झालास.

"अंक्या, दोघांतल्या एकाची तरी खरी असंल का न्हाई?"

"तसं काई न्हाई. दोघायची बी साखरेची निघू शकती."

"निघू दे. पर एकाची खरी असली, तर दुसऱ्यानं काय करायचं? बघत बसायचं?"

"मॅडमनं नको म्हणलंय ना भाऊ."

"मॅडमला भाऊ नसंल," तू म्हणालास. "अर्धी मपली, अर्धी तुपली. मंग कुनीच उपाशी न्हाई."

मला भीती वाटली होती. मला सगळ्याचीच वाटते. पण तू म्हणलास की मी हो म्हणतो, हे लहानपणापासूनचं आहे.

तू डबी राखेनं घासलीस, उन्हात वाळवलीस. चुन्याच्या तोंडाला माझ्या गोळ्या, तंबाखूच्या तोंडाला तुझ्या. कितीही घासली तरी गोळीला तंबाखूचा वास यायचाच. सकाळी अडकित्त्यानं दोन्ही मधोमध तोडायचास आणि दोन अर्धुकं माझ्या तळहातावर. तोडलेली गोळी जिभेला लागतेच. तुझी कडूजहर होती. माझी गोडसर, खडूसारखी. त्यावरनं आपलं रोजचं भांडण.

"कडू तीच खरी. औषद कडूच असतंय. गोड असतो त्यो परसाद."

"असं कुठं असतंय भाऊ? फसवायला साखरेची बी कडू करत असतील."

"कोन करंल? खोट्या गोळीला इतकं कष्ट कोन घेतंय?"

"मपली बी खरी असंल. मॅडम म्हणल्या कळत नसतं."

"मॅडमनं चाखली का?"

हे भांडण कधी मिटलं नाही. तू ते मिटवू दिलं नाहीस, आणि का, ते मला तू गेल्यावर कळलं.

काही आठवडे गेले आणि मला दोन्ही अर्धुकं कडू लागायला लागली. मी तुला म्हणालोही. "भाऊ, दोन्ही कडू लागायल्या."

"पावडरनं जीभ मेलीय तुपली. गीळ गुमान."

मी गिळलं. तू माझ्याकडं पाठ करून तुझी गिळायचास. मला वाटायचं, तोंड वाकडं केलेलं दिसू नये म्हणून.

हळूहळू मला झोप लागायला लागली. भाकरीची चव कळायला लागली. छतावरची माणसं गेली. दवाखान्यात लघवी तपासायचे, पावडर दिसती का म्हणून. माझी साफ येऊन राह्यली आणि मॅडम म्हणायच्या, छान चाललंय अंकुश. तुझ्या बाटलीबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं तुझ्याकडं बघायच्या. तू खाली मान घालून हसायचास. आज ते हसू आठवलं की मला खोलीत थांबवत नाही. पण बाहेर तरी कुठं जाऊ? इथं माझं कोण आहे?

मंग तो शेवटचा दिवस. तुझ्या पोराचं जावळ होतं, गावाकडं बिरोबाला. तू कार्यक्रम करून तसाच खोलीवर आलास, पिशवी भरून रात्रीची गाडी धरायला. तुझे डोळे बघून मला कळलं. जबडा एकसारखा हलत होता. आणि मी, ज्याला तू दार उघडून बाहेर काढलं होतंस, मी तुला बोललो.

"एकाच डबीतली गोळी खातो आपण. सारखी वाटून. मपली साफ येती, तुपली कामून न्हाई? गोळीत खोट न्हाई भाऊ. तुपल्या मनात हाय. तुला सोडायचीच न्हाई."

तू बुटाची नाडी बांधत होतास. वर बघितलं नाहीस.

"असंल," म्हणालास.

बस. एवढंच. तुझ्या जागी कुणीही असतं तर ओरडून सांगितलं असतं. तुला सांगायला एक वाक्य लागलं असतं आणि माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू म्हणालास, असंल.

उठताना डबी माझ्याकडं फेकलीस. "तंबाखूकडची खात जा. रोज अख्खी. चुन्याकडं हात लावू नको." मी रागात होतो. गाडीपर्यंत सोडायलाही आलो नाही.

दुसऱ्या सकाळी मी डबी उघडली. तू काय सांगितलं होतंस ते ध्यानात होतं, पण मला वाटलं, भाऊ घाईत उलटं बोलला. तंबाखूकडची तुझी. तुझ्या वाटणीला मी कधी हात लावलेला नाही, तू नसताना तर नाहीच. म्हणून चुन्याकडची, माझी, घेतली आणि दातानं फोडली. कडू लागली नाही. बत्ताशासारखी विरघळली. मंग तंबाखूकडची एक नुसती जिभेच्या टोकाला लावली. कडूजहर.

म्हणजे जीभ मेली नव्हती. म्हणजे इतके दिवस माझ्या तळहातावर पडायची ती दोन्ही अर्धुकं तुझ्याच गोळीची होती. आणि तू पाठ करून खायचास ती माझी.

फोन हातात घेतला होता, भाऊ. नंबर काढला होता. पण मंग ते "असंल" आठवलं आणि वाटलं, आत्ता काय तोंडानं बोलू? येऊ दे परत. समोर बसवून विचारतो. फोन खाली ठेवला, आणि थोड्या वेळानं तो वाजला. तुझंच नाव. मी घाईघाईनं म्हणालो, "भाऊ, तू गोळ्या..."

"हॅलो, भाऊ न्हाई. वडीगोद्रीहून बोलायलो, हाटेलवाला. हे मानूस तुमचं हाय का? बसल्या जागी मान टाकलीय हो. पाणी मागितलं, आन् मी पाणी आनूस्तोर..."

मी पोचलो तेव्हा तुला अंबडच्या दवाखान्यात नेलं होतं. त्या हाटेलवाल्यानं तुझी पिशवी आणि बूट आत गल्ल्याखाली जपून ठेवले होते. पिशवीत पोराची जरीची टोपी. तो मला सारखं एकच सांगत होता, "एकटाच व्हता, तरी दोन चहा सांगितले. म्हणलं कोन हाय संगट? त म्हणला, तुमी घ्या की. मला एकट्याला जात न्हाई." त्याला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. मी ऐकून घेतलं. तुझ्या हातचं शेवटचं त्याला मिळालं, म्हणून मी त्याच्या पाया पडलो. तो घाबरला बिचारा.

मातीनंतर मॅडमचा फोन आला. माणूस गेल्यावर कॉम्प्युटरातलं उघडून बघावं लागतं, म्हणाल्या. मुंजाभाऊंना खरं औषध होतं. आता ह्या औषधानं काळजावर ताण येतो का ह्याची चौकशी लागलीय, नवीन माणसं घेणं थांबवलंय. "अंकुश, ते गोळ्या नियमित घेत होते ना?" मी नुसतं हुंकारलो. आजूबाजूला माणसं होती.

तुझा दहावा गोदावरीच्या काठाला झाला. पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरायच्या आत कावळा शिवला. लोक म्हणाले, बघा, काही मागं राहिलं नव्हतं त्याचं. मला इतका राग आला त्या कावळ्याचा. मी तर धरून बसलो होतो की अडून बसशील, मला काहीतरी कबूल करायला लावशील. तुझं काहीच राहिलं नव्हतं? पोराचं जावळ राहिलं होतं. माझ्याशी भांडण राहिलं होतं.

गावात बोलणं एकच. मुंजाला पुण्याच्या दवाखान्यानं मारला. "उंदरायवर करायचं ते गरिबावर करून राह्यलेत." "पावडर" हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, कारण कुणाला माहीतच नव्हता. घनसावंगीहून एक पुढारी आला, म्हणाला, तक्रार ठोकू, पेपरात देऊ, डॉक्टरनीला सोडत नसतो. आणि मोठी माय. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुला बी तेच औषद देऊन राह्यले का रे? फेकून दे बाबा. एक गेला. तू तरी ऱ्हा." डबी तेव्हा माझ्या कमरेला होती. तिच्या हाताला लागत होती.

वयनी मागं गोठ्याजवळ भांडी घासत बसल्या होत्या, तिथं गेलो. तुझी बायको आहे ती, तिला तरी विचारावं म्हणून. मी म्हणालो, वयनी, भाऊनं गोळ्या बदलल्या होत्या का?

त्यांनी घासणं थांबवलं नाही. "मला ठावं होतं. फोनवर म्हणले होते. अंक्याची गोड लागायली, मपली कडू हाय, म्हणून अदलून देतो. म्या म्हणलं, आवो वाटून घेत होते ना दोघं? मंग वाटूनच घ्या. तर म्हणले, अर्ध्यानं कुनीच बरं व्हईना सिंधू. एक तरी पुरा व्हऊ दे. इख बी म्याच वाटून दिलं त्याला. औषद तरी पुरं देतो."

मी खाली बसलो.

"तुमाला कडू दिली," वयनी म्हणाल्या. "मला काय दिलं, भावजी? लेकराला काय दिलं?" आणि मंग त्या रडल्या नाहीत, हे तुला सांगतो. एक पातेलं उचललं आणि पुन्हा घासलेलंच घासायला लागल्या.

ह्याचं उत्तर तुझ्याकडं होतं का, भाऊ? मी तुझे उपकार मानतो, रोज मानतो, श्वास घेतो तेव्हा मानतो. पण वयनीसमोर मला ते मानायची लाज वाटली. तू तिला विचारायला पाहिजे होतं. मला विचारायला पाहिजे होतं. वाटणी दोघांची असती, एकटा कसा करतोस? आप्पा असते तर तुझ्या कानाखाली काढली असती.

मी म्हणालो, वयनी, मॅडमला हे सांगावं लागतंय. न्हाई सांगितलं तर भाऊ औषधानं मेला असंच धरतील. ती गोळी बंद होईल. पण सांगितलं तर पावडरचं गावात कळंल. मोठ्या मायला कळंल.

"मामीला, तुमच्या मोठ्या मायला, म्या सांगते," त्या म्हणाल्या. "तुमाला जमायचं न्हाई. तुमी तिथलं बघा. पर मॅडमला एक बजावून सांगा. त्यायनं फसवलं न्हाई म्हणावं. वाटून खायची सवय होती म्हणावं."

पुण्याला परत आलो आणि त्याच दिवशी साऊंडवाल्याचा फोन, फार्महाऊसचं काम आहे, येतो का. नुसतं नाव ऐकून माझे दात शिवशिवले. नको म्हणालो, फोन ठेवला. डबी समोर होती. खरं सांगतो, मनात आलं, कडू आहेत त्या ठेवून घ्याव्यात. गोड तेवढ्या मॅडमला द्याव्यात. भाऊ गेला, आता कडू गोळी मला कोण देणार? त्या संपल्यावर माझं काय होईल? छतावर परत माणसं चालायला लागली तर दाराबाहेर बसून शीळ कोण घालेल?

सकाळी उठलो. एक कडू गोळी काढली, अडकित्त्यानं तोडली. खाल्ली. आणि दवाखान्यात गेलो.

मॅडमना सगळं सांगितलं. टपरीवरच्या चहापासून. त्या लिहून घेत होत्या. मोठ्या मायच्या तापाच्या गोळीपाशी तेवढा पेन खाली ठेवला. मी म्हणालो, "मॅडम, त्यानं फसवलं न्हाई तुमाला."

"फसवलं, अंकुश," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी फसवलं. जे औषध ते घेतच नव्हते त्यानं ते गेले असतील, असं मी वर लिहून पाठवलंय. वाट बघणारी किती माणसं बाहेर थांबलीत, माहीत आहे?" मंग आवाज खाली आला. "मला यायचा रोज राग. इतकं औषध देऊन हा माणूस का सुधारत नाही म्हणून."

त्यांनाही तुझा राग आला होता, भाऊ. माझ्यासारखाच.

तुझं नाव तपासणीतून पुसता येत नाही. ज्या गटात होतास त्याच गटात राहशील. पण हे सगळं लिहून वर जाणार आहे, आणि तू औषधानं गेला नाहीस हे त्यांना कळेल. मी विचारलं, मी बरा झालो तो ह्या गोळीनं का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, एका माणसावरून औषध ठरत नसतं. मी विचारलं, मला ती आता मिळेल का? नाही म्हणाल्या. तपासणीतून मी बाहेर. पण यायचं सोडायचं नाही, छातीला वायरी लावून पट्टी काढायची, बोलायला यायचं. मी हो म्हणालो. बरं झालेला माणूस आहे का औषध संपलेला, ते मला स्वतःलाच कळत नव्हतं.

एवढं मात्र तुला सांगायचं होतं. आपलं भांडण मिटलं. तुझीच खरी होती.

शेवटी त्यांनी डबी पुढं ओढली आणि दोन्ही तोंडं उघडली. चुन्याकडच्या गोळ्या एका पाकिटात. तंबाखूकडच्या दुसऱ्या पाकिटात, एकेक करून. मंग त्यांचं बोट थांबलं.

"ही अर्धी कुणाची?"

"मुंजाभाऊची," मी म्हणालो. "मपली मी सकाळी खाल्ली."